भार येतो तिथं भोक नको

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. लग्न झालं तेव्हाही करत होते आणि ह्याच स्टुलावर बसून करत होते. स्टुलाची गादी मी किती वेळा बदलली असेल, पण वरचा माणूस तोच. सकाळी दुकान उघडायचं, उजव्या डोळ्याला भिंग लावायचं, की थेट जेवायलाच उठायचं. उठायचं म्हणजे तरी काय? दुकान खाली, घर वर. तेवढा जिना चढून आले की असे धापा टाकायचे, जणू डोंगर सर करून आले.

भिंगरी ह्यांची भाची. सायकलच्या शर्यतींत उतरायची. त्या वर्षी संघात घ्यायच्या निवडीची शर्यत होती, तिच्यासाठी सगळी धडपड. तिला शिकवणारे सर आमच्या गावात, म्हणून नणंदेनं तिला आमच्याकडे ठेवलेली. खरं नाव वेगळं, पण लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरला नाही, म्हणून भिंगरी. पहाटे सायकल घेऊन जायची ती ऊन डोक्यावर आलं की परत. संध्याकाळी पुन्हा बाहेर.

जेवताना मामा-भाचीची रोजची कुस्ती ठरलेली.

"कशाला एवढी दमतेस?" हे म्हणायचे. "वस्तू वापरली की झिजते. माझ्याकडे एक घड्याळ आहे, घेतल्यापासून कपाटात. आजही नवंकोरं."

"वाजले किती दाखवतं ते?" भिंगरी विचारायची.

"ते बंद आहे."

"मग ठेवा कपाटात. आणि शेजारी तुम्हीही बसा."

मला हसू आवरायचं नाही. हे माझ्याकडे बघायचे, मी भाताकडे बघायची.

भांडण असलं तरी मामाचा जीव होता तिच्यावर. सायकलवाल्यांचं एक वेड आहे, ते मला तिच्यामुळे कळलं. सायकल जितकी हलकी तितका चढ सोपा, म्हणून ही पोरं सायकलच्या सुट्या भागांना भोकं पाडून घेतात. ब्रेकचा दांडा, पुढचं दातेरी चाक, जिथं जागा मिळेल तिथं. भोक पडलं की तेवढा धातू कमी, तेवढं वजन कमी. गावात इतकी नेमकी भोकं पाडणारा हात एकच होता. मग काय, भिंगरी एकेक भाग काढून दुकानात आणायची आणि हे गिऱ्हाईकाचं घड्याळ बाजूला सारून बारीक ड्रिल हातात घ्यायचे.

पण ह्यांचा एक नियम होता. भाग उजेडाकडे धरायचा, फिरवून बघायचा आणि नखानं खूण करायची. "इथं पाडतो. इथं पाडतो. इथं नाही."

"का? तिथं तर भरपूर जागा आहे."

"भार येतो तिथं भोक नको."

ती फुरंगटायची, पण ऐकायची. भोकं पाडून झाली की निघालेला चुरा हे तिच्या तळहातावर ठेवायचे. "घे, एवढी हलकी झालीस." चिमूटभर चुरा असायचा. पोरगी असा चेहरा करायची की जणू सोनं मिळालं.

ती तेच स्वतःवरही करते आहे, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. आधी दूध सुटलं. मग भात अर्धा झाला. मग "मामी, बाहेर खाल्लं" सुरू झालं. तासन्‌तास सायकल मारून आलेली पोर, आणि ताटात चिमणीचा घास. मी बोलले की म्हणायची, "चढावर एकेक ग्रॅम जाणवतो, मामी." मी म्हटलं, "मग दात काढून ठेव. तेही वजनच आहे." ती हसली, पण ताट तसंच सरकवलं.

आणि मग ती पडली. शर्यतीत पडली असती तर निदान ऐट तरी राहिली असती. आमच्या दुकानासमोर पडली, उभ्या सायकलवरून. त्यांचे बूट पेडलमध्ये अडकवलेले असतात, पाय वळवला की सुटतात. दाराशी थांबली, मामाला काहीतरी टोमणा मारायला लागली, त्या नादात पाय सोडायचं विसरली आणि उभ्याच्या उभी आडवी झाली. समोरचा न्हावी हसला, त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडानं हसलं, हेही हसले. ती स्वतःसुद्धा हसली. मग तिनं मनगट धरलं आणि हसणं थांबलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घातलं, पण त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. "किती वेगात होतीस?"

"थांबलेली होते."

"थांबलेल्या सायकलवरून पडून तुझ्या वयात मनगट मोडत नाही." त्यांनी मान हलवली. "हाडांची घनता तपासू या."

ह्यांना तर उकळ्या फुटल्या. "बघा! म्हणत होतो ना मी? वापरून वापरून झिजली हाडं!"

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून ह्यांच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. नजर पायाशी येऊन थांबली. "पँट जमिनीला लागते आहे तुमची."

"शिंप्यानं मोठी शिवली," हे म्हणाले.

आता मला गप्प बसवेना. "शिंप्याला कशाला दोष देता? दरवर्षी मीच खालून दुमडून शिवून देते. ह्यांच्या सगळ्या पँटी मोठ्याच होत चालल्यात."

"पँट वाढत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "माणूस उंचीला कमी होतो. तुम्हीही झोपा त्या यंत्राखाली."

दोघं पाळीपाळीनं यंत्राखाली झोपून आले. नंतर बाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी-शेजारी लावली, एक ह्यांच्या पाठीच्या कण्याचं आणि एक भिंगरीचं. आमच्या डोळ्यांना दोन्हीकडे नुसता धुरळा.

"ह्यातलं मामांचं कुठलं?" भिंगरीनं विचारलं.

"ओळख बघू," बाई म्हणाल्या.

तिला ओळखता येईना. ह्यांनाही येईना. बाई म्हणाल्या, "तोच तर प्रश्न आहे. हे साठी उलटलेले, तू विशीतली. दोन्ही चित्रांत एवढं साम्य असायला नको होतं."

"पण मी दिवसभर व्यायाम करते!"

"करतेस. बसून करतेस. हे स्टुलावर बसतात, तू सीटवर बसतेस. तू फक्त जोरात बसतेस." हे खुदकन हसले, तशा बाई ह्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही हसू नका. तिचं हृदय घोड्याचं आहे. तुमचं काही सांगावं असं नाही."

मग त्यांनी नीट समजावलं. हाडाला भार लागतो, धक्का लागतो. धावताना, उड्या मारताना, ओझं उचलताना हाडाला कळतं की आपल्याला काम आहे, मग ते भरून येतं. सायकलवर पाय फिरतात, फुप्फुसं फुगतात, पण सगळा भार सीटवर. हाडं आपली झोपलेली. त्यात इतकी मेहनत करून पोटात पुरेसं गेलं नाही, तर शरीर हिशेबी वाण्यासारखं वागतं. जिथं लगेच अडत नाही तिथला खर्च आधी तोडतं.

एवढं बोलून त्यांनी विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

हे एकदम छताकडे बघायला लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. भिंगरी प्लास्टरची कड खरवडायला लागली. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. बरेच महिने बंद होती. पोरीला वाटलं, बरंच झालं, सरावात खोळंबा नाही. एका घरात राहून मला पत्ता नाही.

"ती शरीरानं टाकलेली हाक होती," बाई म्हणाल्या. ह्या वेळी आवाज मऊ होता. "आता ऐक. पोटभर खायचं. वजन वाढू द्यायचं. हात बरा झाला की हळूहळू उड्या आणि वजनं. आणि ती तुझी निवडीची शर्यत ह्या वर्षी नाही."

भिंगरी ताडकन उठली. "वर्षभर तिच्यासाठीच मरतेय मी! वजन वाढलं तर चढावर शेवटची येईन. सर मला परत दारातही उभं करणार नाहीत."

"तू तशीच उतरलीस तर पुढचं हाड मनगट नसेल. खुब्याचं असेल. मग कुठलीच शर्यत नाही, कधीच नाही. बघ तुझं तू."

घरी येऊन ती ताटावर बसली आणि वाढलेलं तसंच ठेवून उठली. दुसऱ्या दिवशीही तेच. बाहेर शर्यतीच्या जाहिराती लागत होत्या आणि ही पोर प्लास्टरमधल्या बोटांनी वाटाणे मोजल्यासारखं जेवत होती. मी गोड बोलले, रागावले, नणंदेला फोन केला. दगडावर पाणी.

ह्यांनी मात्र वेगळंच मनावर घेतलं. "पोरीला सांगून उपयोग नाही. करून दाखवायला हवं. मी सुरू केलं की तीही करेल." ह्यांना बाईंनी सांगितलं होतं, रोज थोडं चाला, जिना सावकाश चढा-उतरा, बाकीचं पुढं बघू. पण हे कसले सावकाश चालतात! बाजारातून दोरी आणली आणि गच्चीवर उड्या मारायला लागले.

काय सांगू ते दृश्य! जन्मभर बसलेला माणूस, जुन्या चपला, दोरी कधी डोक्यात अडकते, कधी पायात. खाली धप, धप, धप. शेजारच्या घरातली बाई वर आली. "वर काही सामान हलवताय का?"

"हो," मी म्हटलं. "जुनं आहे. खूप वर्षांनी हलतंय."

भिंगरी दारात उभं राहून बघायची. "मामा, पुरे. तुम्हाला सवय नाही."

"तू जेव, मी थांबतो."

"हे काय ब्लॅकमेल आहे?"

"काय आहे ते मला माहीत नाही. तू जेव."

ती जेवली नाही, हे थांबले नाहीत. मामा-भाची एकाच हट्टाच्या दोन बाजू. काही आठवड्यांनी हे लंगडायला लागले. आधी म्हणाले चप्पल चावते. मग म्हणाले थंडीनं आखडलं. शेवटी पाऊल टेकवेना तेव्हा पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे.

पावलाच्या हाडाला बारीक चीर गेली होती.

"उड्या मारायला मी सांगितल्या होत्या?" बाईंनी विचारलं.

"तिला सांगितल्या होत्या."

"तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"चालायला," हे पुटपुटले.

"वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं घड्याळ गिऱ्हाईकानं आणलं तर काय करता? पहिल्याच दिवशी गच्च चावी देता?"

"छे! स्प्रिंग तुटेल. आधी उघडायचं, साफ करायचं, तेल द्यायचं, मग थोडी-थोडी..." हे बोलता बोलता थांबले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हाडही तसंच. अचानक धक्के बसायला लागले की ते आधी जुनं खरवडतं, मग नवं भरतं. मधल्या काळात कच्चं असतं. तेवढा वेळ त्याला द्यायला हवा की नाही?"

आता ह्यांच्या पावलाला जाड बूट आणि जिना बंद. भिंगरीचं प्लास्टर तेवढ्यात निघालं होतं, म्हणून दुकान उघडायची पाळी तिच्यावर आली. दुरुस्त झालेली घड्याळं द्यायची, नवी घ्यायची, एवढंच काम. निवडीची शर्यत तोंडावर होती. तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं, पण सायकल पुसून ठेवली होती, त्यावरून मी ओळखलं की ही गुपचूप जाणार.

त्या दिवशी दुपारी मी तिचं जेवण घेऊन खाली गेले. पोर मामाच्या स्टुलावर बसलेली, हातात ड्रिल, टेबलावर ब्रेकचा दांडा. ह्यांनी नखानं "इथं नाही" अशी खूण केली होती ना, नेमकं तिथं भोक पाडलेलं. एक नाही, तीन. मला बघून तिनं ड्रिल खाली ठेवलं.

"मामाला सांगू नको."

"नाही सांगत. जेव."

"आधी एवढं बसवून बघते."

तिनं दांडा दुकानातच उभ्या केलेल्या सायकलला लावला, तार ओढून घट्ट केली आणि जोरात दाबला, जसा उतारावर दाबतात तसा. कट असा आवाज आला. दांड्याचा अर्धा भाग तिच्या मुठीत राहिला, अर्धा लटकत राहिला.

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. दुकानातली सगळी घड्याळं आपली टिकटिकत होती. उतारावर हे झालं असतं तर काय, हे तिलाही कळलं, मलाही. मी बोलले नाही. कधीकधी मीही गप्प बसते.

तेवढ्यात जिन्यावर आवाज. एक पाय टेकवत, कठड्याला धरून, हे खाली उतरत होते. आवाज ऐकला म्हणे. मोडक्या दांड्याचा आवाज ह्यांना दोन भिंतींपलीकडून कळतो आणि मी तीनदा हाक मारलेली कळत नाही. आले, तुकडा उचलला, उजेडाकडे धरला.

भिंगरीला वाटलं आता ओरडा बसणार. "मामा, जोडता येईल?"

"नाही."

"भोकं बुजवून?"

"धातूला भोक पडलं की पडलं. मी पाडू शकतो, बुजवू शकत नाही. कुणीच शकत नाही." ह्यांनी तुकडा ठेवला आणि तिचं मनगट हातात घेऊन तेही तसंच उजेडाकडे धरलं, जणू दुरुस्तीला आलेली वस्तू. "आणि हे बघ. हे मोडलं होतं. कुणी जोडलं? बाईंनी नुसतं बांधून ठेवलं. जोडलं ह्याचं ह्यानं. एवढी वर्षं मी यंत्रं उघडतोय, असं यंत्र मी पाहिलं नाही. आणि तू ह्याला तेल द्यायला तयार नाहीस."

तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "मामी, भात आहे अजून?"

मी जिना असा चढले की कुणी पाहिलं असतं तर माझीच हाडं तपासली असती.

शर्यतीला ती गेली नाही. गेली म्हणजे बघायला गेली, आणि आल्यावर उशीत तोंड खुपसून रडली. ते वर्ष सोपं नव्हतं. सर म्हणाले, "जाड झालीस." तिनं घरी येऊन मला सांगितलं, तसा मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "सर, तुम्ही सायकलला शिकवता की काटकीला?" त्यानंतर सर मला जरा घाबरूनच असतात. तिनं वजनं उचलली, पायऱ्यांवरून उड्या मारल्या, दूध प्यायली, नाक मुरडत का होईना. काही महिन्यांनी एक दिवस स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, "मामी, आली." बाहेरून ह्यांनी विचारलं, "कोण आलं?" मी म्हटलं, "तुम्ही छताकडे बघा."

ह्यांचा पाय भरून आला. मग बाईंच्या देखरेखीखाली ह्यांनाही हळूहळू चावी दिली. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बागेपर्यंत, मग पाठीवर पिशवी घेऊन. दर अर्ध्या तासानं गिऱ्हाईकाला थांबवून उठायचे आणि दुकानात उभ्यानं टाचा वर-खाली करायचे. न्हावी समोरून विचारायचा, "कुणाला शोधताय पलीकडे?"

पुढच्या वर्षी निवडीच्या शर्यतीला आम्ही दोघं उताराच्या वळणावर उभे होतो. चढावर भिंगरी पहिल्या घोळक्यात नव्हती. वजन जाणवत असणार. पण उतारावर ती एकेकीला मागं टाकत आली, सीटवरून उठून, गुडघे वाकवून, जशी उड्या मारायला शिकली होती तशी. आणि आमच्या नेमकं समोर पुढची मुलगी घसरली, भिंगरीचं चाक तिला अडकलं आणि ती हवेतून रस्त्यावर आली. ह्या वेळी उभ्या सायकलवरून नव्हे.

हे माझा हात इतका दाबून होते की माझंच मनगट मोडायचं.

ती उठली. एक हात झाडला, दुसरा झाडला. मनगट फिरवून बघितलं. सायकल उचलली, चेन बसवली. आमच्याकडे बघून ओरडली, "मामा, आहे सगळं जागेवर!" आणि निघून गेली.

हे जागच्या जागी उड्या मारायला लागले. मी ओरडले, "अहो! पाऊल!" आजूबाजूची माणसं बघायला लागली.

पहिली नाही आली ती. संघात निवडलेल्यांत तिचं नाव शेवटचं होतं. पण होतं. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पडण्यात नशीबही असतं, ह्यावर फुगून जाऊ नका. यंत्राखाली दोघांना पुन्हा झोपवलं. भिंगरीची हाडं थोडी भरली होती. ह्यांची होती तेवढीच होती, घटली नव्हती. ह्या वयात तेही पुष्कळ, असं बाई म्हणाल्या. हे मात्र घरी येईपर्यंत बरोबरी झाल्याचं सांगत होते.

"कशाची बरोबरी?" भिंगरी म्हणाली. "माझी वाढली, तुमची तेवढीच."

"माझी कमी व्हायची होती, ती नाही झाली. म्हणजे वाढलीच."

घरी आल्यावर मी ह्यांची नवी पँट खाली दुमडायला काढली, सुई-दोरा घेतला आणि ह्यांना उभं केलं. गेल्या वर्षीच्या पँटीवरच्या दुमडीशी मापून बघितलं. दुमड तेवढीच आली, बोटभरही जास्त नाही.

"काय झालं?" ह्यांनी वरून विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "ह्या वर्षी शिंप्यानं बरोबर शिवली."